हरतालिकेचा गहवा

अल ऐनच्या विद्यापीठात आशियाई अभ्यास विभाग वाढला तो कपाटातून खोलीत आणि खोलीतून किटलीपर्यंत. आधी ग्रंथालयात नुसतं एक कपाट होतं. मग त्या कपाटाला मुलींच्या इमारतीत, जिन्याखालची का होईना, एक खोली मिळाली. खोलीला नकाशा मिळाला. आणि नव्व्याण्णव साली विभावरीने घरची इलेक्ट्रिक किटली आणून टेबलावर ठेवली, तेव्हा डॉक्टर वजदी हात वर करून म्हणाले, "अल्हमदुलिल्ला! आता आपण खरंच डिपार्टमेंट झालो."

डॉक्टर वजदी कैरोचे, ते विभागप्रमुख. विभावरी पुण्याची, इतिहासात एम. ए., नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेली; ती उरलेला सगळा विभाग. भिंतीवरच्या आशियाच्या नकाशात हा देश एवढासा होता की त्याचं नाव बिचारं समुद्रात छापलं होतं, आणि टांगणाऱ्याने टाचणी नेमकी त्याच नावावर टोचली होती. ते एका परीने बरंच झालं. कारण वर्गातल्या मुलींना आपण आशियात राहतो हे मान्यच नव्हतं.

"टीचर, एशियन म्हणजे तुम्ही," असं त्या अगदी प्रेमाने समजावायच्या. "आम्ही अरब."

"आणि हा देश कुठल्या खंडात आहे?"

मुली एकमेकींकडे बघायच्या. मग एखादी म्हणायची, "गल्फमध्ये."

शैलेंद्रला, म्हणजे विभावरीच्या नवऱ्याला, या सगळ्याची फार मजा वाटायची. तो एका कंत्राटदार कंपनीत इंजिनिअर होता. सकाळी साइटवर जाताना बुटाच्या नाड्या बांधत तो विचारायचा, "मॅडम, आज आशिया खंडाचे काय आदेश?" आणि विभावरी त्याच्या हातात डबा कोंबत म्हणायची, "आशिया खंड म्हणतोय, येताना कोथिंबीर आण."

पण सप्टेंबर उजाडला आणि थट्टा जरा थंडावली. डीनबाईंनी निरोप पाठवला. गेल्या सत्रात जेमतेम सहा मुली होत्या, तेव्हा आम्ही कानाडोळा केला. या वेळी बुधवारपर्यंत दहा मुली आल्या नाहीत तर विषय बंद. विषय बंद म्हणजे खोली बंद, आणि खोली बंद म्हणजे विभावरीने किटली उचलून घरी यायचं. डॉक्टर वजदींना काय, दुसरा विषय मिळाला असता. विभावरीला मात्र पुन्हा 'शैलेंद्रची मिसेस' आणि 'ईश्वरीची मम्मी' व्हावं लागणार होतं. या दोन्ही नोकऱ्यांवर तिचा जीव होता, नाही असं नाही. चार वर्षांच्या ईश्वरीला मांडीवर घेऊन तिने नोट्स काढल्या होत्या. पण त्या खोलीत शिरलं की कुणीतरी तिला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारायचं, आणि त्या हाकेची तिला चटक लागली होती.

सगळी भिस्त होती शम्मावर. शम्मा गेल्या सत्रातली हुशार मुलगी. तिच्या चुलत-मावस बहिणी विद्यापीठात इतक्या की ती ज्या वर्गात बसेल तो वर्ग आपोआप भरायचा. शम्माला यायचं होतं, पण घरी आजीचा शब्द शेवटचा, आणि आजी म्हणाली होती, "आशिया शिकायला विद्यापीठ कशाला? आपला ड्रायव्हर पेशावरचा, स्वयंपाकी केरळचा, दाई सिलोनची. स्वयंपाकघरात जाऊन बस, सगळा आशिया शिकशील. तू कम्प्युटर घे."

सोमवारी शम्मा खोलीत डोकावली. "टीचर, आजीने तुम्हाला उद्या दुपारी घरी बोलवलंय. तिला तुम्हाला बघायचंय."

"बघायचंय?" शैलेंद्र घरी हे ऐकून टाळ्या पिटायचाच बाकी होता. "म्हणजे बघण्याचा कार्यक्रम! विभा, मोरपंखी साडी नेस. आणि पोहे कोण देणार? तू का त्या?"

"गप रे. मी सरळ विचारणार आहे, शम्माला पाठवा म्हणून."

"वेडी आहेस का? पहिल्या भेटीत काही मागायचं नाही. जायचं, बसायचं, हसायचं. क्लायंटकडे आम्ही असंच करतो. ओळख झाली की दुसऱ्या भेटीत काम."

"दुसरी भेट बुधवारनंतर पडेल."

"इन्शाल्ला म्हण आणि जा. पण तोंड उघडू नकोस."

तिला ते पटलं. माहेरीही हेच शिकवलं होतं. पहिल्यांदा कुणाकडे गेलं की काही मागायचं नाही, काही हवं का विचारलं तर 'नको नको' म्हणायचं, आणि पुढे आलेल्या गोष्टीला मात्र नाही म्हणायचं नाही.

घोळ रात्रीच्या भाकऱ्या थापताना लक्षात आला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मंगळवारच्या चौकटीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं: हरतालिका.

विभावरी हरतालिका निर्जळ करायची. श्रद्धेचं विचाराल तर एम. ए. झालेल्या बाईची जेवढी असायची तेवढीच. पहिली दोन वर्षं सासूबाईंच्या धाकाने केली. तिसऱ्या वर्षीही निर्जळच केली, पण 'पुढच्या वर्षी फळं खाईन' असं ठरवलं. आणि हरतालिका होऊन चार दिवस झाले नव्हते, तोच दुबईच्या रस्त्यावर शैलेंद्रच्या गाडीपुढे उंट आला. गाडी तीन कोलांट्या खाऊन वाळूत उलटी पडली, आणि शैलेंद्र काच झटकत बाहेर आला, कोपराला एवढंसं खरचटून. तेव्हापासून विभावरी फळांचं नाव काढत नसे. देव ऐकतो की नाही कुणाला ठाऊक, पण उगाच कशाला त्याची परीक्षा घ्या.

मंगळवारी सकाळी तिने पूजा मांडली. वाळूची पिंड करायची तर वाळू कुठून आणू असा प्रश्न जिथे कधीच पडत नाही, असं अल ऐन हे गाव. पत्रीला रुईही रस्त्याच्या कडेला हवी तेवढी. दुपारी ओठ सुकलेले, साडी मोरपंखी, अशी ती शम्माच्या घरी पोचली.

बैठकीच्या दालनात भिंतीला लागून उशा, आणि उशांना टेकून शम्माच्या आत्या, काकू, बहिणी. मधोमध आजी. नाकावर मुखवट्यासारखा, सोनेरी चमकणारा जुन्या पद्धतीचा छोटा बुरखा, बोटं मेंदीने काळसर, डोळे सगळं मोजणारे. खजूर आले, मग दल्ला आला, म्हणजे लांब चोचीचं कॉफीचं भांडं. आजीने स्वतः छोट्याशा बिनदांड्याच्या कपात, फिंजानमध्ये, दोन घोट गहवा ओतला आणि विभावरीपुढे धरला. वेलदोडा आणि केशराचा असा वास आला की तिच्या पोटात हरतालिका उठून बसली.

नाही कसं म्हणायचं? 'माझा उपास आहे' म्हटलं तर यजमानीणबाई ओशाळणार. विभावरीने आईने शिकवलं होतं तेच केलं. कप दोन्ही हातांनी घेतला, कपाळाशी नेल्यासारखं केलं, गोड हसली, आणि न पिता अलगद समोर ठेवून दिला.

बोलणाऱ्या आत्या बोलायच्या थांबल्या. आजीने स्वतःचा कप ओठांपर्यंत नेला होता, तो तिने खाली ठेवला.

"बोलो," आजी हिंदीत म्हणाली.

विभावरी दचकली. "तुम्हाला... आपको हिंदी आती है?"

"शादी के बाद चार साल बम्बई में था. हमारा आदमी खजूर बेचता था." आजीने ते हाताने बाजूला सारलं. "वो छोड़ो. बोलो, क्या मांगता?"

तोंड उघडू नकोस, शैलेंद्र म्हणाला होता. "नहीं नहीं! कुछ नहीं चाहिए."

"मांगो. शरम नहीं करने का."

"नहीं, सच में! बस, मिलने आयी."

आजीच्या कपाळावर आठ्या वाढल्या. ती पुढे सरकली. "पैसा?"

"नहीं, नहीं!"

"बीमारी? बच्चा ठीक है?"

"एकदम ठीक!"

आजीने आवाज खाली आणला. "साब मारता है?"

"अहो नाही हो!" विभावरीच्या तोंडून मराठीच निघालं. ती जितकी 'नको नको' म्हणत होती तितके त्या बायकांचे चेहरे काळजीने लांब होत होते. एका काकूने तर कळवळून च्-च् केलं. शेवटी शम्मा तिच्या कानाशी आली आणि इंग्रजीत कुजबुजली, "टीचर, तुम्ही गहवा प्यायला नाहीत. न पिता खाली ठेवला म्हणजे तुमचं काहीतरी मागणं आहे. ते दिल्याशिवाय आजीला स्वतःलाही पिता येत नाही. आणि तुम्ही सांगत नाही, म्हणजे त्यांना वाटतंय की फार मोठं आहे."

विभावरीच्या कानशिलांवर रक्त चढलं. जपानमधला चहाचा सोहळा तिने याच शम्माला वर्गात दोन तास शिकवला होता. कप कसा धरायचा, किती वेळा फिरवायचा, पाहुण्याने कुठे मान लववायची. आणि समोरच्या घरातल्या गहव्याबद्दल हिला काही ठाऊक नाही! आता लपवण्यासारखं काय उरलं होतं?

"शम्मा को मेरे क्लास में भेजिए," ती एका दमात म्हणाली. "वो नहीं आयी, तो क्लास बंद. मेरा काम बंद."

आजी तिच्याकडे बघतच राहिली. मग बायकांकडे वळून अरबीत काहीतरी म्हणाली आणि सगळ्यांचा श्वास सुटला, हसणं फुटलं.

"यल्ला!" आजी म्हणाली. "इतना छोटा बात? हम समझा तुम्हारा साब जेल में है." तिने क्षणभर नातीकडे पाहिलं. कम्प्युटरचा विषय तिच्या डोळ्यांतून येऊन गेला. पण कप समोर होता आणि सगळं घर बघत होतं. "पियो. दिया."

शम्माने टाळी वाजवली.

विभावरीने कप उचलला. दोनच घोट. गिळले की वर्ग वाचला, खोली वाचली. गहव्याचा वास नाकात शिरला, आणि त्याच्या पाठोपाठ कुठूनसा दुबईचा रस्ता, वाळूत चाकं वर करून पडलेली ती गाडी. तिचा हात ओठांपाशी थांबला. तिने कप पुन्हा खाली ठेवला.

बायका आता एकमेकींकडे बघायला लागल्या. दिल्यावरही पीत नाही? म्हणजे हिला अजून हवंय?

"बाई, अजून काय?" असं आजीच्या भुवया स्वच्छ मराठीत विचारत होत्या.

"आज मेरा रोज़ा है," विभावरी रडवेली होऊन म्हणाली. "पानी भी नहीं पी सकती."

"हिंदू का रोज़ा?" आजी चमकली. "किसके वास्ते?"

"हस्बंड के वास्ते. वो लंबा जिए इसलिए."

"अच्छा. वो भी रखता है? तुम्हारे वास्ते?"

"...नहीं."

"अभी किधर है?"

"घर पे. छुट्टी लिया है, बच्ची के पास."

"क्या करता है?"

विभावरीला खोटं बोलता येईना. "सुबह साबूदाणा खिचडी बनायी थी, उपास की. वो... वो खाता होगा."

आजीने हे बायकांना अरबीत सांगितलं मात्र, ती स्वतःच इतकी हसली की नाकावरचा बुरखा वर उडाला. बाकीच्या उशांवर आडव्या झाल्या. हसून हसून डोळे पुसल्यावर आजी गंभीर झाली. रोजा ठेवणाऱ्याला घोट घे म्हणून आग्रह करणं हे पाप. पण न पिता दिलेलं, दिलं असं होत नाही. यातही सूट नव्हती.

"कब खुलेगा?"

"कल सुबह. गणपती की पूजा के बाद."

"कल बुधवार," शम्मा हळूच म्हणाली. शेवटचा दिवस.

"कल सुबह हम आयेगा," आजी म्हणाली, आणि दल्ला झाकायला सांगितला. स्वतःचा कपही तिने तसाच ठेवला.

घरी आल्यावर विभावरीने सगळं सांगितलं. शैलेंद्र पहिल्या अर्ध्या भागाला खो खो हसला. "साब मारता है!" तो ईश्वरीला म्हणाला, "बघ, तुझी आई मला जेलमध्ये घालून आली."

"डॅडी, आर यू इन जेल?"

"ऑलमोस्ट."

पण 'वो भी रखता है?' या प्रश्नापाशी हसणं सोडून तो उगाचच कोपर खाजवत राहिला. रिकामी कढई त्याने स्वतः घासून टाकली. एरवी तो तिच्यात पाणी घालून ठेवायचा आणि त्याला 'भिजत घालणं' म्हणायचा.

सकाळी गणपती बसला, छोटासा, पुस्तकांच्या कपाटावर जागा करून. पूजा झाली, आरती झाली. आता विभावरीला पाणी प्यायला हरकत नव्हती. पण तिने ठरवलं, तोंडात पहिला जाईल तो गहवाच. मोदकांच्या उकडपात्रातून वाफ येत होती, तिला गरगरत होतं, आणि घड्याळ पुढे सरकत होतं. म्हाताऱ्या माणसाच्या शब्दाचा काय भरवसा, विसरलीही असेल. तेवढ्यात तिचं लक्ष ओट्यावर गेलं. शैलेंद्रचा चहा. साय धरून थंडगार.

"हे काय? चहा का नाही घेतलास?"

"इच्छा नाही."

"तुला? चहाची?"

"नाही म्हटलं ना. आधी तू घे काहीतरी, मग बघू." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आणि काल रात्रीपासून काही खाल्लेलं नाही, त्याचा गाजावाजा करू नकोस. मराठी मंडळातल्या लोकांना कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

विभावरीने नुसता तो कप उचलून मोरीत ओतला, आणि ओतताना उगाच जास्त वेळ घेतला.

बेल वाजली. शैलेंद्रने दार उघडलं आणि पितांबर सावरत तीन पावलं मागे आला. दारात आजी, तिच्या हातात दल्ला. मागे शम्मा. तिच्या मागे जिन्यापर्यंत बहिणी.

आजी आत आली, तिने कपाटावरच्या गणपतीकडे पाहिलं. बम्बईत पाहिलेलं तिला आठवत असावं. "मेहमान?"

"हां," विभावरी म्हणाली. "डेढ़ दिन रहते हैं."

"बस? डेढ़?" आजीला वाईट वाटलेलं दिसलं. "हमारे इधर मेहमान को तीन दिन पूछता भी नहीं, क्यों आया. तुम लोग ठीक से रोकता नहीं होगा."

मग तिने फिंजान काढला, ओतला आणि विभावरीपुढे धरला. "पियो."

विभावरी प्यायली. कडू, गरम, केशरी घोट रिकाम्या पोटात उतरला आणि डोळ्यांत पाणी आलं. आजी म्हणाली, "खलास. दिया." आणि कप पुन्हा भरला.

भरलेलं टाकायचं नाही, ही तर लहानपणीची शिकवण. विभावरी तोही प्यायली. आजीने पुन्हा भरला. तिने पुन्हा संपवला. शैलेंद्रचंही तेच चाललं होतं. 'पुरे' म्हणत होता आणि पीत होता, पीत होता आणि त्याला वाढलं जात होतं. त्याचे डोळे मोठे व्हायला लागले. मुली तोंडावर ओढणी घेऊन हसत होत्या, पण एक जण सांगेल तर शपथ! शेवटी ईश्वरीने, जी शम्माच्या मांडीवर बसून बहिणी कप कसा परत देतात ते टिपत होती, बापाच्या हातातला रिकामा कप घेतला आणि डावी-उजवीकडे हलवून आजीला परत दिला.

"डॅडी, यू हॅव टू शेक इट. लाइक धिस."

आजीने पोरीची पापी घेतली. "ये टीचर है. ये!"

आता मोदकांची पाळी. विभावरीने वाढले, वर तूप सोडलं. आजीने एक खाल्ला. विभावरीने दुसरा वाढला. आजी 'बस' म्हणाली, विभावरीने तिसरा वाढला. आजीने बशी हलवून पाहिली, विभावरीने वर तूप घातलं.

"तुम्हारे में बंद कैसे करता है?" आजीने घाबरून विचारलं.

"आमच्यात तशी खूण नाही," शैलेंद्र म्हणाला, आणि मग हिंदीत समजावलं, "जब देनेवाला थक जाता है, तब बंद होता है."

त्या दुपारी शम्मा आणि तिच्या बहिणींनी नावं घातली. दहाच्या वर गेली. पुढच्या आठवड्यात वर्ग सुरू झाला तेव्हा विभावरीने जपानचं प्रकरण बाजूला ठेवलं आणि किटलीशेजारी गहव्याचा थर्मास ठेवला. मुलींनी तिला शिकवलं आणि तिने मुलींना. गहव्याचा वेलदोडा कुठून येतो हे शोधताना नकाशावर बोटं फिरली, केरळपर्यंत गेली, परत आली, आणि परत येताना टाचणीला अडकली. शम्माने ती उपटून काढली. खाली देशाचं नाव होतं, भोक पडलेलं.

"टीचर," ती जरा विचार करून म्हणाली, "म्हणजे आम्हीपण?"

"आता बघा तुम्हीच."

तास संपल्यावर डॉक्टर वजदी आले. विभावरीने त्यांना कपभर गहवा ओतून दिला. ते बसले, चष्मा पुसला, हवेबद्दल बोलले. कप उचलला. आणि न पिता समोर ठेवला.

विभावरीने कपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. डॉक्टर वजदी छताकडे बघत होते. नवं सत्र, दुसरा वर्ग, गुरुवारची सकाळ, यातलं काहीतरी असणार. घरी विचारावं लागेल, ईश्वरीला कोण बघणार, कोथिंबीर कोण आणणार. पण आजीने काही कुणाला विचारलं नव्हतं.

तिने त्यांना थोडा वेळ तसंच बसू दिलं. थर्मासचं झाकण लावलं, टेबल पुसलं. मग म्हणाली, "प्या डॉक्टर. दिलं."